पेव्हर ब्लॉकचा लाल रंग ‘उडाला’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा

कोरेगाव तालुक्यातल्या एका नव्या कारखानदाराने विचारलंय: ‘रबर साच्यात पेव्हर ब्लॉक काढतो. एका मंगल कार्यालयाच्या अंगणात लाल आणि पिवळे ब्लॉक बसवून दिले. एका पावसाळ्यात लाल फिका गुलाबी झाला आणि पिवळा मळकट दिसायला लागला. गिऱ्हाईक म्हणतं रंग नकली आहे. ऑक्साइड बदलू का प्रमाण वाढवू? आणि आपल्याकडे पाचगणी-महाबळेश्वरला एवढी लाल माती आहे, ती चाळून वापरली तर चालेल का?’

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, पण त्याकडे नंतर येतो. आधी अंगणाचं बघू.

खरं लोह ऑक्साइड, म्हणजे सिमेंटला रंग देणारी गंजाच्या जातीची पावडर, उन्हाने उडत नाही. कपड्यावर हळदीचा डाग पडला तर दुपारभर उन्हात वाळत घातल्यावर तो जातो, कारण हळदीतला रंग सेंद्रिय आहे आणि उन्हाने त्याचे रेणू तुटतात. तुळशी वृंदावनाला लावलेला गेरू पावसाने धुऊन जाईल, पण जेवढा राहील तेवढा लालच राहील. लाल ऑक्साइड म्हणजे हेमॅटाइट, लोखंड गंजून गंजून जिथे थांबतं तो टप्पा. त्यापुढे हवेने, पाण्याने किंवा उन्हाने त्याचं आणखी काही व्हायचं शिल्लक नसतं. म्हणून एका पावसाळ्यात लाल फिका झाला असेल तर तीनच शक्यता उरतात. रंगावर काहीतरी चढलंय, रंगाभोवतालचा सिमेंटचा पापुद्रा झिजलाय, नाहीतर पोत्यात ऑक्साइड नव्हतंच. सांगलीजवळ कुपवाडला मी ब्लॉक आणि टाइल्सच्या मिक्सचं काम बघतो. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत पहिली शक्यता सगळ्यात जास्त वेळा निघते, आणि लोक मात्र सगळ्यात आधी तिसरीवर बोट ठेवतात.

उद्या सकाळी तिथे एक बादली पाणी आणि थोडं लादी धुवायचं अ‍ॅसिड घेऊन जा. फिका पडलेला ब्लॉक पाण्याने ओला करा. लाल परत आला तर रंग आत शाबूत आहे. एवढ्यावर थांबू नका, कारण ओलं केल्यावर कुठलाही ब्लॉक गडद दिसतोच. ब्लॉक पुन्हा वाळू द्या आणि कोपऱ्यात पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिडचा एक थेंब टाका. लगेच बारीक फेस आला आणि त्या ठिपक्यापुरता लाल उजळला, तर वर पांढरा चुना बसलाय. सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्याचं जे घट्ट होतं, त्यात पाचवा हिस्सा ते पाव हिस्सा विरी गेलेला चुनाच असतो. ब्लॉकच्या बारीक छिद्रांतल्या पाण्यात तो विरघळतो, पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी भेट झाली की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो. राखाडी ब्लॉकवरही तो येतो, पण राखाडीवर पांढरं कुणाला दिसतं? लालवर आणि काळ्यावर लगेच डोळ्यात भरतं.

आपल्या भागात याची एक गंमत आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माण, जत, आटपाडीकडे तो ५००च्या आसपास. जिथे पाऊस भरपूर, तिथे पांढरं लवकर येतं आणि लवकर जातंही, कारण पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते हा कार्बोनेट हळूहळू विरघळवून नेतं. वाई-मेढ्याकडचा ब्लॉक एकदोन पावसाळ्यांत आपोआप पुन्हा लाल झालेला मी पाहिलाय. दुष्काळी पट्ट्यात पाऊस चुना वर आणण्यापुरता पुरतो, धुऊन न्यायला पुरत नाही. कोरेगाव मधल्या पट्ट्यात, त्यामुळे तुमचं पांढरं किती दिवस टिकेल ते तिथल्या पाण्याच्या निचऱ्यावर आहे. कार्यालयाच्या अंगणात पाणी साचत असेल तर ब्लॉक काढून खालची ढाळ नीट करा, नाहीतर दर वर्षी हाच वाद.

फेस आला नाही, पण पांढरं बोटाला लागतं आणि जिभेवर खारट लागतं, तर ती चुन्याची नव्हे, क्षारांची गोष्ट. सांगलीकडे हे फार. वाळवा, मिरज, पलूस या कृष्णाकाठच्या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून क्षारपड झालेल्या जमिनी सगळ्यांना माहीत आहेत. तिथल्या बोअरच्या पाण्यात जे क्षार असतात, ते माल कालवताना ब्लॉकमध्ये जातात, पाणी मारताना जातात, आणि ब्लॉक बसवल्यावर खालच्या ओलीबरोबर जमिनीतूनही वर चढतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात पाण्यासाठी मर्यादा दिल्या आहेत: विरघळलेली असेंद्रिय द्रव्यं लिटरला ३००० मिलिग्रॅमपर्यंत, सल्फेट ४००पर्यंत. पण त्या मर्यादा मजबुती आणि टिकाऊपणासाठी आहेत. रंगीत ब्लॉक पांढरा पडायला त्याच्या कितीतरी खालचं पाणी पुरतं. तुमच्या बोअरचं पाणी स्टीलच्या थाळीत घालून उन्हात आटवा. थाळीत जाड पांढरी कड राहिली तर रंगीत मालाला तरी ते पाणी वापरू नका, टँकर परवडतो.

आता झीज. याबद्दल बोलतं कुणी फारसं नाही आणि माझ्या मते सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या रंगीत ब्लॉकचा खरा प्रश्न हाच आहे. रंग सिमेंटमध्ये असतो, खडी-वाळूत नाही. ब्लॉक नवा असतो तेव्हा वर सिमेंटचा पातळ पापुद्रा असतो आणि रबर साच्यातल्या ब्लॉकला तर तो काचेसारखा चकचकीत येतो. गाड्या फिरल्या, खराटा फिरला, की तो पापुद्रा जातो आणि आतली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, उघडी पडते. आपला दगड बेसाल्ट, काळा-राखाडी. लाल सिमेंटच्या मधेमधे काळे कण दिसायला लागले की लांबून ब्लॉक मळकट तपकिरी दिसतो, आणि पिवळा असेल तर शेवाळी. तुमचा पिवळा ‘मळकट’ झाला असं जे म्हणता, ते बहुधा हेच आहे. भिंग घेऊन बघा, काळे ठिपके मोजता येतील.

याला ऑक्साइड वाढवणं हा इलाज नाही. वरच्या रंगीत थरात वाळू बदला. सिंधुदुर्गात कासार्डे-फोंड्याच्या बाजूला पांढरी सिलिका वाळू निघते, ती लाल-पिवळ्या थराला वापरली तर झीज झाल्यावरही ब्लॉकची छटा फार हलत नाही. महाग पडते, पण फक्त वरच्या ८-१० मिलिमीटरच्या थरात लागते. काळ्या ब्लॉकला आपली क्रश सँड उत्तम, तिथे बेसाल्ट उलट मदत करतो. म्हणून नव्या माणसाने पहिल्या वर्षी काळा, गडद तपकिरी आणि वीटकरी लाल हेच रंग करावेत, पिवळ्याच्या मागे लागू नये, असं मी सरळ सांगतो.

तिसरी शक्यता, पोत्यात काय आहे. बाजारात ‘ऑक्साइड’ या नावाखाली तीन प्रकारचा माल मिळतो: कारखान्यात रासायनिक पद्धतीने केलेलं शुद्ध ऑक्साइड, खाणीतून काढून दळलेलं नैसर्गिक ऑक्साइड, आणि खडूच्या नाहीतर मातीच्या भुकटीवर सेंद्रिय रंग चढवलेला माल. तिसरा पोत्यात सगळ्यात भडक दिसतो आणि गंमत म्हणजे तोच आधी विकला जातो. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

चमचाभर पावडर स्पिरिटमध्ये हलवून गाळणकागदातून गाळा. लोह ऑक्साइड ना पाण्यात विरघळतं ना स्पिरिटमध्ये, खाली येणारं स्पिरिट नितळ हवं. गुलाबी किंवा पिवळं आलं तर त्यात रंग मिसळलाय. खडूची भेसळ असेल तर पावडरीवर अ‍ॅसिड टाकल्यावर फसफसेल, शुद्ध ऑक्साइड तसं करत नाही. काळ्याला लोहचुंबक लावा. काळं ऑक्साइड म्हणजे मॅग्नेटाइट, ते चुंबकाला झुबक्याने चिकटतं. न चिकटणारं काळं म्हणजे काजळी, कार्बन ब्लॅक. काजळी वाईट आहे असं नाही, काळेपणा जबरदस्त देते, पण तिचे कण इतके बारीक आणि हलके असतात की पृष्ठभाग झिजला की पावसाबरोबर निघून जातात आणि दोनतीन वर्षांत काळा ब्लॉक राखाडी होतो.

पिवळ्याची परीक्षा मला सगळ्यात आवडते. जुन्या लोखंडी पळीत थोडं पिवळं घ्या आणि गॅसवर तापवा. खरं पिवळं ऑक्साइड म्हणजे गोएथाइट, ज्याच्या रचनेत पाणी बांधलेलं असतं. तापलं की ते पाणी निघून जातं आणि डोळ्यांदेखत पिवळ्याचं वीटकरी लाल होतं. सेंद्रिय रंग असेल तर धूर येईल, करपेल, काळा पडेल. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे, फक्त दार-खिडकी उघडी ठेवा, कारण पोत्यात नक्की काय आहे तेच आपण शोधतोय. यातच एक सावधगिरी आहे: वीट किंवा कौलासारखा भाजायचा माल असेल तर पिवळं ऑक्साइड घालून पिवळी वीट निघत नाही, भट्टीतून ती लालच बाहेर येते.

आणखी एक चाचणी सिमेंटसाठी खास. विरी गेलेल्या चुन्याच्या ओल्या लगद्यात पावडर कालवा, बाटलीत बंद करून दोनतीन दिवस ठेवा. सिमेंट कमालीचं अल्कलीधर्मी असतं, आणि रंग टिकणार का हे उन्हापेक्षा तेच आधी ठरवतं. क्रोम पिवळा, म्हणजे शिशाचा क्रोमेट, यात नारिंगीकडे झुकतो. तो विषारी आहे, तुमच्या कामगारांच्या फुप्फुसात जायला नको. निळ्यासाठी कुणी तुम्हाला ‘हाही लोखंडापासूनच होतो’ म्हणून प्रशियन निळा विकायला आला तर खरंय त्याचं, त्यात लोखंड आहे, पण चुन्यात तो मोडतो आणि खाली तपकिरी गंज उरतो. लोह ऑक्साइडच्या घराण्यात लाल, पिवळा, काळा आणि त्यांच्या मिश्रणातून तपकिरी एवढंच आहे. टिकाऊ हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड लागतं, निळ्यासाठी कोबाल्ट निळा. त्या दोन्हींची किंमत ऐकल्यावर बहुतेक गिऱ्हाइकांना लालच आवडायला लागतो.

आता तुमची महाबळेश्वरची माती. तुम्ही विचारलंत ते अगदी चुकीचं नाही. पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वर, कास हे जांभ्याचे सडे आहेत. खालच्या बेसाल्टमध्ये जे लोखंड होतं, ते लाखो वर्षांच्या पावसात वरती साठत गेलं आणि बाकीची सिलिका, चुना वाहून गेला. जांभ्याचा लाल म्हणजे तेच हेमॅटाइट आणि पिवळसर भाग म्हणजे तेच गोएथाइट, जे तुमच्या पोत्यात आहे. घाटातून जाताना दोन काळ्या थरांच्या मधे कधी कधी तांबडा पट्टा दिसतो, त्याला भूगर्भवाले ‘बोल’ म्हणतात, तोही लोखंडानेच लाल आहे. कोकणातली जुनी कावी चित्रं, आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींचा गेरू, सगळं याच कुळातलं.

पण ब्लॉकमध्ये ती घालू नका. त्या मातीत लोखंडाबरोबर चिकणमाती असते. चिकणमाती पाणी शोषते, म्हणून माल कालवताना पाणी जास्त लागतं. ती खडीच्या कणांभोवती चढते आणि सिमेंटची पकड तोडते. आणि वाळताना आकसते, त्यामुळे पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात. बोलच्या थरातली माती तर फुगणारी असते. बरं, एवढं करून लाल किती येणार? ऑक्साइडचं ताकदवान असणं हे त्याच्या कणांच्या बारीकपणावर असतं. कारखान्यातल्या ऑक्साइडचा कण मायक्रॉनच्या दहाव्या भागापासून एक मायक्रॉनपर्यंत, सिमेंटचा कण त्याच्या कितीतरी पट मोठा, सरासरी पंधरा-वीस मायक्रॉन. म्हणून थोडंसं ऑक्साइड सिमेंटच्या प्रत्येक कणाभोवती लेप देतं. चाळलेली माती कितीही चाळली तरी तिथवर जात नाही. बळ्ळारी-होस्पेटकडचं हेमॅटाइट दळून येतं, त्यात लोखंड भरपूर असतं, तरी तेवढ्याच लालीसाठी कृत्रिमच्या दुप्पट-तिप्पट घालावं लागतं, आणि छटा किंचित तपकिरी राहते. साध्या राखाडी-लाल कामाला ते चालतं, स्वस्तही पडतं. माती मात्र मातीच्या गिलाव्याला आणि चुन्यात कालवून भिंतीला वापरा, तिथे ती कृत्रिमपेक्षाही देखणी दिसते. आणि काससारख्या ठिकाणाहून उचलायचा तर विचारही करू नका. कास २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्या सड्यावरची बोटभर माती म्हणजेच तिथल्या फुलांचं सगळं घर.

किर्लोस्करवाडी, पलूस, सातारा एमआयडीसीकडच्या फौंड्र्यांमुळे एक प्रश्न मला हमखास येतो: फौंड्रीतला गंज, लोखंडाचा भुसा, पत्र्यावरची खपली दळून घातली तर? इतिहासात याचं उत्तर ‘हो’ असं आहे. नायट्रोबेंझीनपासून अ‍ॅनिलिन (कापडाच्या रंगांसाठी लागणारं रसायन) करताना लोखंडाचा भुसा वापरत, आणि शेवटी काळा चिखल उरत असे, जो फेकून द्यावा लागे. १९२५ साली जर्मनीत बायरच्या कारखान्यात लाउक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्याच प्रक्रियेत क्षार घालून तो चिखल चांगल्या प्रतीचं काळं आणि पिवळं ऑक्साइड होऊन निघेल अशी युक्ती काढली. काळं भट्टीत भाजलं की लाल. भंगार लोखंड, हवा आणि हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट यांपासून पिवळं करण्याची दुसरी पद्धतही आज जगभर चालते. तेव्हा भंगारापासून रंग होतो हे खरं, पण त्यासाठी कणांचा आकार वाढवणं, क्षार धुणं, गाळणं, वाळवणं हे सगळं नियंत्रणात लागतं. नुसता दळलेला गंज घातलात तर त्यात न गंजलेले लोखंडाचे कण राहतात, ते ब्लॉकमध्ये बसल्यावर गंजतात, फुगतात आणि पृष्ठभागावर तांबडे ओघळ आणि खळगे पाडतात.

प्रमाणाबद्दल. ऑक्साइड नेहमी सिमेंटच्या वजनाच्या टक्क्यात मोजायचं, एकूण मालाच्या नाही. ५० किलोच्या पोत्याला ४ टक्के म्हणजे २ किलो. चांगलं कृत्रिम लाल ३ ते ५ टक्क्यांत भरपूर रंग देतं. साधारण ५-६ टक्क्यांच्या पुढे सिमेंटच्या कणांभोवतीचा लेप पुरा झालेला असतो, वर घातलेलं फक्त पैसे आणि पाणी खातं. अमेरिकेच्या एएसटीएम सी ९७९ या मानकात वरची मर्यादा १० टक्के आहे, त्यापुढे मजबुती घटायला लागते. म्हणून तुमच्या ‘प्रमाण वाढवू का’ला माझं उत्तर नाही. आधी तुम्ही किती घालता ते मला माहीत नाही आणि मला शंका आहे की तुम्हालाही नाही, कारण बहुतेक कारखान्यांत ऑक्साइड डब्याने मोजतात. लालचा डबा आणि पिवळ्याचा डबा वजनाने कधीच सारखा भरत नाही. पिवळ्याचे कण सुईसारखे लांबट असतात, ते भुसभुशीत बसतात, डब्यात वजन बऱ्याचदा निम्म्याच्या आसपासच भरतं. लालला जमलेला डबा पिवळ्याला वापरला की पिवळा निम्मा पडतो. किराणा दुकानातला साधा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, तुमच्या सगळ्या यंत्रांत तो सगळ्यात लवकर पैसे वसूल करेल.

खर्चाचा हिशेब एकदा करून ठेवा. वरचा रंगीत थर ८ मिलिमीटरचा, त्यात घनमीटरला साधारण ४२५ किलो सिमेंट धरलं तर एका चौरस मीटरला ३.४ किलो सिमेंट येतं, त्याला ४ टक्क्यांनी सुमारे १३६ ग्रॅम ऑक्साइड. पूर्ण ६० मिलिमीटरचा ब्लॉक रंगीत केलात, आणि घनमीटरला ३८० किलो सिमेंट असलं तरी, तेच ९१२ ग्रॅम होतं. जवळजवळ सातपट. या फरकातून चांगलं ऑक्साइड आणि सिलिका वाळू दोन्ही निघते. स्वस्त पोतं आणि महाग पोतं यांची तुलना करायची तर किलोच्या भावाने करू नका. दोन्हींतला एक-एक ग्रॅम वीस-वीस ग्रॅम पांढऱ्या सिमेंटबरोबर खलबत्त्यात चांगला घोटा, कागदावर शेजारी शेजारी सुरीने पसरा. पोत्यात सारखे दिसणारे दोन लाल पांढऱ्यात मिसळल्यावर किती वेगळे निघतात ते तिथे कळतं. एक जर दुसऱ्याच्या निम्मा गुलाबी आला, तर त्याचा भावही निम्म्याच्या खाली असायला हवा. प्रत्येक नव्या लॉटची अशी पट्टी कागदावर तारीख टाकून ठेवा.

पिवळ्याचं दुखणं सिमेंटमध्येही आहे. राखाडी सिमेंटमध्ये पिवळं घातलं की हिरवट-मातकट येतं, कितीही घाला. उजळ पिवळा हवा असेल तर त्या थराला पांढरं सिमेंट, निदान अर्धं. लालला राखाडी चालतं, थोडा उजळपणा जातो एवढंच. काळ्याला आणि गडद तपकिरीला पांढऱ्याची गरज शून्य. पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरावं का ओपीसी (साधं, राख नसलेलं), यावर माझं मत आजही पूर्ण एका बाजूला झुकलेलं नाही: पीपीसीतली राख काही महिन्यांत चुना खाऊन टाकते म्हणून पुढे पांढरं कमी येतं, पण राखेतल्या न जळलेल्या कोळशामुळे प्रत्येक पोत्याची छटा बदलू शकते. एक ऑर्डर एकाच कंपनीच्या आणि शक्यतो एकाच लॉटच्या सिमेंटमध्ये काढा, मग दोन्ही चालतं.

कालवण्याचा क्रम: आधी वाळू आणि ऑक्साइड कोरडं, मग सिमेंट, शेवटी पाणी. वाळूचे कण ऑक्साइडच्या गाठी फोडतात, ते काम पाणी पडल्यावर होत नाही. ड्रमच्या मिक्सरपेक्षा पॅन मिक्सर रंगाला चांगला. पाणी मोजून. पाणी वाढलं की ते उडून जाताना जास्त छिद्रं सोडतं, छिद्रं उजेड पसरवतात, आणि तेच ऑक्साइड तेवढंच असून ब्लॉक फिका दिसतो. पिवळ्याला त्याच्या सुयांमुळे पाणी जास्त लागतं म्हणून पोरं नळी सोडतात. तिथे पाण्याऐवजी प्लॅस्टिसायझर, म्हणजे कमी पाण्यात माल मऊ करणारं रसायन, वापरा. साच्यातून काढलेले ब्लॉक पहिले दोन दिवस शेडखाली ठेवा, अंगावर थेट पाऊस पडू देऊ नका, आणि ओल्या ब्लॉकची तोंडं एकमेकांवर दाबून थप्पी लावू नका. मधे अडकलेल्या पाण्याने ब्लॉकच्या मधोमध पांढरा गोल उमटतो आणि कडा लाल राहतात. तो गोल दिसला की थप्पी चुकली, रंग नाही. छटा जुळवायची ती पूर्ण वाळलेल्या, महिनाभर झालेल्या ब्लॉकवर.

आता बसवलेल्या अंगणाचं काय करायचं. फेस आला असेल तर एका कोपऱ्यातले दोनचार ब्लॉक आधी निवडा. ते भरपूर पाण्याने भिजवा, म्हणजे अ‍ॅसिड आत शिरत नाही. एक भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि किमान दहा भाग पाणी, पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, उलट नाही. हातमोजे, चष्मा. ब्रशने पसरा, फेस थांबला की मिनिटाभरात भरपूर पाण्याने धुवा. घट्ट अ‍ॅसिड मारलंत किंवा फार वेळ ठेवलंत तर सिमेंटचा पापुद्रा जाईल आणि खालचा काळा दगड उघडा पडेल, म्हणजे पांढऱ्याचा प्रश्न सुटून झिजेचा सुरू. सल्फ्युरिक अजिबात नको, तो स्वतःच पांढरं जिप्सम मागे सोडतो. निकाल आवडला तर गिऱ्हाइकाला तो कोपरा दाखवा आणि पुढचं अंगण तसंच करा, शक्यतो पावसाळा संपल्यावर. वाळल्यावर सिलेन-सिलोक्सेन जातीचं पाणी न शोषू देणारं द्रव फवारलं तर पुढचं पांढरं कमी होतं. चकचकीत लॅकर मात्र मारू नका. ओल खालून येत असेल तर लॅकरच्या आतच पांढरं अडकतं आणि मग अ‍ॅसिडही तिथवर पोचत नाही.

फेस आला नाही आणि काळे कण दिसले, तर त्या ब्लॉकला धुण्याने काही होणार नाही. तिथे गिऱ्हाइकाशी वाटाघाट करा, आणि पुढच्या ऑर्डरला वाळू बदला. स्पिरिट गुलाबी झालं असेल तर दुकानदाराकडे पोतं परत न्या, पण गाळणकागद आणि पळीतली करपलेली पिवळी पावडर बरोबर न्या, नुसत्या तोंडी तक्रारीला तो दाद देणार नाही.